रामदास बोटीच्या मॉडेलला ‘लोखंडी पत्रे’ कसे चढवले: झेरॉक्सचा कागद, एसीची टेप आणि भरपूर मोजमाप

माझ्या आजीचं माहेर रेवसच्या बाजूचं, त्यामुळे रामदास बोटीचं नाव लहानपणापासून ऐकत आलोय. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट वाटेत बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. ती बोट हाताने बनवायची हे बरीच वर्षं मनात होतं. १९३६ ची बांधणी, १७९ फूट लांब आणि २९ फूट रुंद, म्हणजे १:१०० ला (खऱ्याच्या शंभरपट लहान) साडेचोपन्न सेंटीमीटर, नेरुळच्या फ्लॅटमधल्या टेबलावर आरामात मावते.

लाकडाचा हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं अंग, घासून, पुट्टी लावून गुळगुळीत झाला की बहुतेक जण थेट रंग मारतात आणि मग बोट साबणाच्या वडीसारखी दिसते. त्या काळच्या बोटी रिव्हेट (दोन्हीकडून ठोकून बसवलेले लोखंडी खिळे) मारून जोडलेल्या असायच्या, पत्र्याची कड पत्र्यावर चढवलेली, आणि त्या कडांची बारीक सावली दिसली तरच डोळ्याला लोखंड वाटतं. पूर्ण वेल्डिंगची पहिली समुद्री बोट फुलागार १९२० ची, पण रिव्हेट त्यानंतरही बरीच वर्षं चालले. हल्लीच्या बोटी वेल्डिंगच्या. हार्बर लाइनने रे रोडला उतरून दारूखान्यात, जुन्या बोटी तोडतात तिथे, भंगाराचे कापलेले पत्रे बघा, कडेला कड भिडवून जोडलेले असतात, एकावर एक चढवलेले नाहीत. म्हणून आधी ठरवा की तुमची बोट कुठल्या जमान्यातली.

आता जाडीचं गणित, इथेच सगळ्यात जास्त चुकतं. छोट्या बोटीचा पत्रा साधारण ८ ते १० मिलिमीटर धरा, १:१०० ला तो ०.१ मिमी होतो, आणि ८० जीएसएमचा झेरॉक्सचा कागद बरोब्बर तेवढाच जाड असतो. काही जण खाऊच्या खोक्याचा पुठ्ठा वापरतात, तो ०.४ मिमी, म्हणजे खऱ्या बोटीवर ४० मिमी, ते युद्धनौकेचं चिलखत झालं. १:५० वगैरे मोठं मॉडेल असेल तर दोन थर द्या किंवा थोडा जाड कागद घ्या.

कागद कापायच्या आधी हलवर रेघा मारायच्या, आणि हा भाग घाईत करू नका, मला दोन पूर्ण रविवार लागले. पत्रे नाळेपासून (बोटीच्या पुढच्या टोकापासून) मागच्या टोकापर्यंत लांब रांगांमध्ये जातात, एका रांगेला स्ट्रेक म्हणतात. दर पाच सेंटीमीटरवर कागदाची पट्टी कीलपासून (तळाच्या मधल्या कण्यापासून) डेकपर्यंत हलला चिकटून वाकवायची, लांबी मोजायची आणि तिचे सारखे भाग पाडायचे. माझ्याकडे मध्यभागी साडेसात सेंटीमीटर आले, सहा स्ट्रेक धरल्या तर एक साधारण साडेबारा मिमी, म्हणजे खऱ्या बोटीवर सव्वा मीटर रुंद पत्रा, पटण्यासारखं आहे. टोकांकडे हल आवळत जातो तशी ही मापंही कमी होतात, सगळे बिंदू बांबूच्या लवचिक काडीने जोडले की रेघा आपोआप सुंदर वळतात. सरळ समांतर पट्ट्या मारल्या तर नाळेकडे वरच्या रांगा डेकच्या बाहेर पळतात आणि अख्खी बोट खोटी दिसते. टोकाला एखादी रांग अगदीच चिंचोळी झाली तर दोन रांगांची एक करून टाकायची, खऱ्या गोदीतही हेच करतात.

चिकटवताना रांगा एक सोडून एक. कीलपासून पहिली, तिसरी, पाचवी ही आतली, ती आधी. मग दुसरी, चौथी, सहावी बाहेरची, आणि ती दोन्ही शेजाऱ्यांवर १ मिमी चढेल इतकी रुंद कापायची. खऱ्या बोटीत रिव्हेटच्या दोन ओळी मावायला चारेक इंच लॅप (पत्र्यावर पत्रा चढलेला भाग) लागतो, आपला १ मिमी म्हणजे तोच. एकेक पत्रा पाच-सहा सेंटीमीटर लांब ठेवा. पुढचा पत्रा मागच्यावर चढवायचा, उलटं नाही, कड मागे तोंड करून राहिली की पाण्याचा विरोध कमी होतो. आणि शेजारच्या रांगांचे जोड एकाखाली एक येऊ देऊ नका, किमान दोन फ्रेमचं (बोटीच्या आतल्या बरगड्यांचं) अंतर, माझ्या स्केलला साधारण १२ मिमी.

कापायच्या आधी कागदाला दोन्ही बाजूंनी सँडिंग सीलर मारून वाळवा, म्हणजे तो कडक होतो आणि कडेला कूस सुटत नाही. हे न करता मी पहिली बाजू जूनमध्ये चिकटवली आणि ऑगस्टपर्यंत दमटपणाने अर्धे पत्रे फुगून उठले, सगळं खरवडून परत केलं. हललाही आधी सीलर हवा, आणि लाकडी कामाचा पांढरा गोंद अगदी पातळ पसरा. मागच्या गोलाकार भागात कागद दोन्हीकडे वळत नाही, सुरकुत्या पडतात, तिथे मी एसीच्या डक्टला लावतात ती अॅल्युमिनियमची टेप वापरली, टूथपिकच्या बोथट टोकाने घासली की बसते. रंग धरावा म्हणून तिच्यावर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवा.

रिव्हेटचं काय, असं सगळेच विचारतात. बाहेरच्या पत्र्यावर त्यांची डोकी भोकात बसवून सपाट केलेली असायची, १:१०० ला ती दिसणारच नाहीत. ठिपके देऊ नका, खरंच देऊ नका, खालची सगळी मेहनत त्या पुटकुळ्या खाऊन टाकतात.

वेल्डिंगवाली बोट असेल तर कागद नकोच. जोडाच्या एका बाजूला मास्किंग टेप लावायची, दुसऱ्या बाजूला स्प्रे प्रायमरचे तीन-चार हात, टेप काढली की केसाएवढी पायरी उरते.

रंग पातळच, ब्रशने जाड थर दिला की ०.१ मिमीची कड बुजते. मी रेड ऑक्साइड प्रायमर स्प्रे केला, वर काळा. वॉटरलाइनला, म्हणजे लाल आणि काळा जिथे भेटतात त्या पाण्याच्या रेघेला, एक त्रास होतो, टेपखाली लॅपच्या पायरीतून काळा रंग झिरपतो, म्हणून टेप नखाने पायरीत दाबा आणि काळ्याच्या आधी टेपच्या कडेवर खालचाच लाल रंग एकदा मारून घ्या, झिरपला तर लालच झिरपेल. काळा पूर्ण सुकायच्या आत टेप काढा, तीही उलटी दुमडून, सावकाश.