पोचला नसताना ‘पोचला’ म्हणू नका: निरोपाची स्थिती दाखवतानाच्या चुका

विकेंद्रित सोशल नेटवर्कसाठी, म्हणजे एका कंपनीऐवजी अनेकांच्या वेगवेगळ्या सर्व्हरांवर चालणाऱ्या नेटवर्कसाठी, ॲप लिहायला बसलेली नवी पोरं पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपच्या दोन टिका उचलून आणतात. याचा मला मनापासून त्रास होतो. व्हॉट्सॲपवर दोन्ही टोकं एकाच कंपनीच्या हातात असतात आणि समोरच्या फोनने पोच दिल्यावरच दुसरी टिक उमटते. मॅस्टोडॉन या अशाच विकेंद्रित नेटवर्कवर आपला सर्व्हर एकाचा, समोरचा दुसऱ्याचा. दोघांमधली बोली म्हणजे ॲक्टिव्हिटीपब, २०१८ साली डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केलेली. निरोप माणसाच्या फोनवर उतरल्याची पावती परत पाठवायची सोय तिच्यात नाही.

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या शेतकरी गटाचा छोटा सर्व्हर मी चालवतो. निरोप पाठवल्यावर समोरच्या सर्व्हरकडून उत्तरात २०२ हा कोड आला की मी दुसरी टिक दाखवायचो. २०२ म्हणजे ‘घेतलं, बघतो’, एवढंच. वेचणीच्या दिवसांत एका संध्याकाळी गटाच्या सचिवाने निरोप टाकला: उद्या जिनिंग बंद, कापूस आणू नका. दोन टिका दिसल्या म्हणून त्याने कोणाला फोन केला नाही. एका काकांचं खातं तालुक्याच्या पोरांच्या सर्व्हरवर होतं. तिथे दुपारी लाईन गेली होती. लाईन आल्यावर वेब सर्व्हर आपोआप उठला, पण रांगेतली कामं उरकणारं साईडकिक उठलंच नाही. सर्व्हर २०२ देत राहिला, निरोप रांगेत पडून राहिला. काका पहाटे ट्रॅक्टर भाड्याने करून कापूस घेऊन गेले, बंद फाटकासमोर दुपारपर्यंत थांबले आणि परतले ते थेट माझ्या दारात. “बाबू, त्याच्या मोबाईलात दोन खुणा हायेत म्हंते, मंग मले काऊन नाई भेटला निरोप?”

भाड्याचे पैसे मी दिले. दुसरी टिक त्याच रात्री काढली. आता माझ्याकडे चिन्हं नाहीत, शब्द आहेत: ‘रांगेत’, ‘समोरच्या सर्व्हरने घेतला’, ‘अडकला’, आणि शेजारी वेळ. ज्यावर कोणाचं भाडं-मजुरी अवलंबून आहे, त्या निरोपाखाली ‘मिळाला’ असं उत्तर मागतो. ज्यांचं येत नाही त्यांना फोन.

दुसरी चूक घाईची. पहिला प्रयत्न फसला की लगेच लाल अक्षरात ‘गेला नाही’. आमच्याकडे पावसाळ्यात अर्धा दिवस नेट नसतं, म्हणून निरोप मेला असं होत नाही. मॅस्टोडॉन वाढत्या अंतराने सुमारे २ दिवस प्रयत्न करत राहतं. लाल रंग बघून माणूस तोच निरोप पुन्हा लिहितो, त्याला नवा आयडी मिळतो, आणि नेट आलं की समोर दोन्ही पडतात. फवारणीचं प्रमाण सांगणारा निरोप दोनदा आला तर वाचणारा दोनदा फवारायचं समजू शकतो. मी रांगेने हात टेकेपर्यंत ‘प्रयत्न सुरू आहे’ एवढंच दाखवतो. ‘पुन्हा पाठवा’ हे बटण त्यानंतरच येतं, आणि तेही जुन्याच आयडीने पाठवतं, म्हणजे समोरच्या सर्व्हरला दुबार ओळखता येतं.

बारा सर्व्हरांवर विखुरलेल्या चाळीस जणांच्या निरोपाला एकच स्थिती लावू नका. ‘१२ पैकी ११ सर्व्हरांनी घेतला’ असं लिहा आणि राहिलेल्याचं नाव द्या.

उत्तरात ४१० हा कोड आला तर खातं काढून टाकलेलं आहे. तसं सांगा आणि प्रयत्न थांबवा.

नॉस्टर या दुसऱ्या विकेंद्रित नेटवर्कवर रिलेने, म्हणजे निरोप ठेवून पुढे देणाऱ्या सर्व्हरने, होकार दिला म्हणजे निरोप त्या रिलेवर ठेवला गेला. वाचणारा तिथे जोडलेला असेलच असं नाही.

४०१, म्हणजे ‘सही पटत नाही’ असा कोड, दिसला तर समोरच्याला दोष देण्याआधी स्वतःचं घड्याळ बघा. जुन्या रास्पबेरी पायमध्ये, म्हणजे छोटा सर्व्हर चालवायला वापरतात त्या तळहाताएवढ्या संगणकात, बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. लाईन जाऊन आली आणि उठताना नेट नसेल तर तो चुकीच्या वेळेवर उठतो. मग नेट आल्यावर घड्याळ जुळण्याआधीच निरोप गेला, तर त्यासोबतच्या सर्व्हरच्या डिजिटल सहीतली तारीख जुनी पडू शकते आणि समोरचा सर्व्हर निरोप नाकारतो. अशा वेळी ‘समोरचा सर्व्हर बंद आहे’ असं दाखवणारी ॲप मी पाहिली आहेत. मी शंभर-दीडशे रुपयांचं घड्याळाचं मॉड्यूल बसवून घेतलं.

चाचणी घेताना दुसरा सर्व्हर उभा करा, त्याचं साईडकिक मुद्दाम बंद ठेवा आणि एक निरोप पाठवा. तुमच्या पडद्यावर ‘पोचला’ आलं, तर ॲप अजून कोणाच्या हातात देऊ नका.