खाडीतल्या तिसऱ्यांची मोजणी: उपसा आणि पावसाळा यांचा हिशेब वेगळा कसा ठेवावा

भाट्ये, काळबादेवी, कर्ली अशा कोकणातल्या कोणत्याही खाडीत तिसऱ्या (वाळूत राहणारे खाण्याचे शिंपले) कमी झाल्याची तक्रार आली की पहिले बोट काढणाऱ्या बायकांकडे जाते. हा ठपका योग्य आहे की नाही हे ठरवायचे असेल, तर खाडीत किती तिसऱ्या उरल्या एवढेच मोजून भागत नाही. ज्या गेल्या त्या कशाने गेल्या, हेही मोजावे लागते. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी उतरले की समुद्राच्या जवळपास, दर हजार भागांत ३५ असलेली क्षारता (पाण्यातले मिठाचे प्रमाण) थोड्याच दिवसांत अगदी खाली येऊ शकते. तिसऱ्या शिंपले घट्ट मिटून काही काळ तग धरतात, पण पूर लांबला तर रेवेतल्या रेवेत मोठ्या संख्येने मरतात. म्हणून जो अभ्यास फक्त मे महिन्यात किंवा फक्त दिवाळीनंतर होतो, त्याला उपसा (माणसांनी तिसऱ्या काढून नेणे) आणि पाऊस यांतला फरक सांगता येत नाही. किमान एक पूर्ण वर्ष, दर महिन्याला आणि त्याच जागी मोजणी झाली पाहिजे.

सुरुवातीला जाती निश्चित कराव्यात. तिसऱ्या, मुळे, शिवल्या, खुबे ही नावे गावागणिक बदलतात, त्यामुळे प्रत्येक जातीचे चार-पाच नमुने जपून ठेवून, शक्य झाल्यास रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयासारख्या ठिकाणी दाखवून, पॅफिया मलबारिका, मेरेट्रिक्स मेरेट्रिक्स, कॅटेलिशिया ओपिमा या शास्त्रीय नावांपैकी नेमके काय हाती आहे ते नोंदवावे.

मोजणीचा दिवस अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाच्या सुमारास धरावा, कारण तेव्हाच्या सुकतीत सर्वांत जास्त रेव उघडी पडते. पाणी पूर्ण ओसरण्याच्या तासभर आधी काठावर हजर राहावे. काठापासून पाण्याच्या धारेपर्यंत आडव्या दोऱ्या टाकाव्यात आणि दोरीवरच्या जागा घरीच चिठ्ठ्या टाकून ठरवून न्याव्यात; रेवेवर उभे राहून जागा निवडली तर पाय आपोआप भरपूर तिसऱ्यांच्या ठिकाणी वळतात. ठरलेल्या जागी ५० सेंटिमीटर बाजूची लोखंडी चौकट टाकून आतली वाळू १५ ते २० सेंटिमीटर खोल उकरावी आणि खाडीच्याच पाण्यात चाळणीवर धुवावी. मोठ्यांसाठी ५ मिलिमीटर छिद्रांची चाळण पुरते, पिल्लांसाठी मात्र १ मिलिमीटरची हवी. अशा चौकटीत १२ तिसऱ्या निघाल्या तर चौरस मीटरला ४८ असा हिशेब होतो. तिसऱ्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात, थव्याने असतात, त्यामुळे एका चौकटीत काहीच नाही आणि शेजारच्या चौकटीत ओंजळभर, असे नेहमी होते. अंदाजातली चूक निम्मी करायची तर चौकटी चौपट टाकाव्या लागतात, हे आधीच लक्षात घेऊन मनुष्यबळ ठरवावे.

प्रत्येक तिसरीची लांबी व्हर्निअर कॅलिपरने घ्यावी आणि जिवंत तिसऱ्या भरती येण्याआधी त्याच जागी परत पेराव्यात. लांबीचे २ मिलिमीटरचे गट पाडून दर महिन्याचा आलेख काढला की पिल्लांचा नवा थवा कधी आला आणि किती वेगाने वाढला, ते उंचवट्याच्या सरकण्यावरून कळते. काढण्याजोग्या मापाच्या पुढचा भाग एकदम तुटलेला दिसला, तर उपशाचा भार असल्याचा तो पहिला संशय समजावा.

संशयाचा पुरावा चाळणीवरच सापडतो, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. रिकामे शिंपले फेकून देऊ नयेत. बिजागरीला अजून जोडलेले, उघडे पडलेले, वाळूने भरलेले जोडशिंपले म्हणजे जागेवरच मेलेली तिसरी होय. शिंपल्याला बाहेरून रुंद आणि आत अरुंद होत गेलेले गोल नेटके भोक असेल, तर ते शिकारी गोगलगायीचे काम असते. भोक नसलेले आणि एकाच वेळी बहुतेक सर्व आकारांचे जोडशिंपले जुलै-ऑगस्टमध्ये वाढले, तर संशय गोड्या पाण्यावर जातो. काढून नेलेल्या तिसरीचे शिंपले मात्र रेवेत राहत नाहीत, ते घरामागच्या ढिगात असतात. जिवंत संख्या घटली आणि जोडशिंपले वाढले नाहीत, तर घट उपशाची असण्याची शक्यता बळावते. मोजणीच्याच दिवशी रिफ्रॅक्टोमीटरने (क्षारता दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाने) क्षारता घ्यावी आणि जवळपास वाळूउपसा चालू असल्यास तेही नोंदवावे, कारण पंप वाळूबरोबर पिल्लेही उचलून नेतो.

उपशाचा आकडा काढणाऱ्या बायकांकडूनच मिळतो, आणि तो मागण्याआधी अभ्यास कशासाठी आहे हे त्यांना स्पष्ट सांगणे हे आपले कर्तव्य आहे. किती जणी आल्या, किती तास वाकून काम झाले, टोपलीचे वजन किती आणि त्यातल्या मूठभर तिसऱ्यांची लांबी किती, एवढे पुरते. वाट्यांवर (बाजारात विकायला मांडलेल्या ढिगांवर) विसंबू नये, वाट्याचे माप बाजारानुसार बदलते. तासाला मिळणाऱ्या तिसऱ्या तेवढ्याच आहेत म्हणून खाडीतला साठाही स्थिर आहे, असेही मानू नये. अनुभवी हात विरळ जागा सोडून दाट जागी जातात, त्यामुळे साठा घटत असतानाही टोपली भरत राहते.

शेवटची कसोटी तुलनेची. गावाच्या संमतीने, सारख्याच वाळूचे आणि क्षारतेचे काही तुकडे वर्षभर न काढता ठेवावेत आणि काही नेहमीसारखे चालू ठेवावेत; दोन्हींची मोजणी आधीही व्हावी, नंतरही. बंद तुकड्यात मोठ्या तिसऱ्या वाढतील, पण पिल्ले वाढतीलच असे नाही, कारण तिसऱ्यांच्या अळ्या दोन-एक आठवडे पाण्यात तरंगून दुसरीकडेही बसू शकतात. केरळमधल्या अष्टमुडी या खाडीसरोवरात डिसेंबर ते फेब्रुवारी तिसऱ्या काढणे बंद असते आणि २०१४ साली त्या मासेमारीला, साठा टिकवून मासेमारी होते की नाही हे तपासणाऱ्या मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेचे प्रमाणपत्र मिळाले. तथापि ते महिने जसेच्या तसे कोकणात लावू नयेत. आपल्या खाडीतल्या तिसऱ्यांचे बीजकोश (अंडी किंवा शुक्र तयार करणारा अवयव) दर महिन्याला सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, ते कधी रिकामे होतात, म्हणजे तिसऱ्या बीज कधी सोडतात, ते ठरवावे आणि मगच बंदीचे महिने गावापुढे मांडावेत.