डुलणारे खडक असे बसवले
माशांच्या काचेच्या टाकीत वाळूवर रचलेली खडकांची रास वाळूत बीळ करणारा गोबी मासा खालून उकरतो. ती कलली की काचेचं काही खरं नाही. म्हणून दोन फुटी टाकीत सात-आठ किलो कोरडे खडक थेट तळाच्या काचेवर बसवले, रुंद बूड खाली. तीन ठिकाणी टेकलेला खडक डुलत नाही, तरी हाताने हलवून बघावाच. वाळू नंतर, दोन-तीन सेंटिमीटर. सांध्यात जेल सुपरग्लू, त्यावर इपॉक्सी पुटी, परत ग्लू. नुसती पुटी ओल्या दगडाला नीट धरत नाही. काचेपासून चार बोटं सोडली, म्हणजे काच साफ करायचा चुंबकाचा घासणा फिरतो. मागे खडकांची सलग भिंत नको, तिथं घाण साचते. यवतमाळकडे मे महिन्यात लाइन गेली की पाणी तापतं, ऑक्सिजन घटतो. खडकांत मोकळी जागा असली तर बॅटरीवरच्या एअरपंपानंही पाणी थोडंफार खेळतं.