स्टेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) आणि पुढची खटखट – माझा अनुभव

आमची जुनी गाडी इंदूरच्या एबी रोडवर जरा स्पीड घेतला की डोलायची, स्पीडब्रेकरवर पुढून खटखट. गॅरेजवाले म्हणाले रॅकच (स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा मुख्य भाग) बदला. मी म्हटलं थांबा, आधी खालून बघू.

पुढचं चाक उचललं, गाडी स्टँडवर टेकवली (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका प्लीज), चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं तर टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) टकटक करतोय, वर-खाली धरलं तरी हलतंय, मग भाच्याला ब्रेक दाबून धरायला सांगितलं तरी तसंच, म्हणजे चाकाचं बेअरिंग नाही (ते ढिलं असतं तर ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं असतं), बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचा गोल सांधा गेलाय. लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुशचं, म्हणजे सांगाड्याकडच्या जोडाचं रबर तर फाटून लोंबत होतं. रॅक एकदम ठणठणीत!

दोन्हीकडचे टाय रॉड एंड आणि बुश, बॉल जॉइंटसकट लोअर आर्म बदलले. बुशचा बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकल्यावरच फायनल टाइट करून घ्या, हवेत टाइट केला की रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, मेकॅनिकच्या बाजूला उभं राहून बघा खरंच. आणि नंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करायचीच, नाहीतर टायर एका बाजूने खाऊन जातात.