आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी : शेअर्ड होस्टिंगवर वर्डप्रेस बसवताना या चुका टाळा

वर्डप्रेस, म्हणजे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, २००३ साली आलं. 'पाच मिनिटांत इन्स्टॉल' ही त्याची जुनी ख्याती, आणि ती खोटी नाही. फॉर्म भरून बटण दाबायला पाच मिनिटं पुरतात. रात्र जाते ती त्या पाच मिनिटांच्या अलीकडे आणि पलीकडे.

स्वतःच्या आणि ओळखीपाळखीच्यांच्या बऱ्याच साइट मी शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तिथे, चढवल्या आहेत. त्यात खुद्द वर्डप्रेसचा दोष क्वचितच निघाला. बहुतेकदा बिघाड एकीकडे असतो आणि आपली खटपट भलतीकडे चाललेली असते. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, अजून जुन्या सर्व्हरकडेच जात असतं आणि आपण सगळ्या फाइल पुन्हा अपलोड करतो. डेटाबेसची, म्हणजे साइटचा मजकूर साठवणाऱ्या कोठाराची, जोडणी राहिलेली असते आणि आपण थीम बदलून बघतो.

म्हणून हात लावण्याआधी ब्राउझरमध्ये नेमकं काय दिसतंय ते वाचा. साइट सापडतच नसेल, तर गडबड डोमेनची. होस्टिंग कंपनीचं 'लवकरच येत आहोत' छापाचं पान दिसत असेल, तर सर्व्हर सापडलाय, फोल्डर चुकलंय. ४०३, ४०४, ५०० यांपैकी आकडा दिसला, तर फाइल, परवानग्या किंवा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बघा. संदेशात 'डेटाबेस' शब्द असेल तर डेटाबेस. आणि नुसतं पांढरं पान आलं, तर वर्डप्रेस ज्यावर चालतं ते पीएचपी मध्येच कोसळलंय.

डोमेनची घाई

नेमसर्व्हर, म्हणजे डोमेन कोणत्या सर्व्हरवर आहे ते सांगणारे सर्व्हर, बदलल्यावर सगळीकडे नवा पत्ता पोचायला काही तास लागतात, कधी एक-दोन दिवसही. अर्ध्या तासात साइट दिसली नाही म्हणून जुने नेमसर्व्हर परत टाकले, मग पुन्हा नवे टाकले, की कोणाला जुनी साइट दिसते, कोणाला नवी, आणि तपासायला काही ठाम उरत नाही. घरच्या वायफायवर जुनं पान दिसत असेल तर मोबाइल डेटावर उघडून बघा. बऱ्याचदा तिथे नवं आलेलं असतं.

याहून महागात पडणारी चूक ईमेलची. त्याच डोमेनवर ईमेल चालू असेल, तर नेमसर्व्हर बदलताना मेलच्या नोंदीही जुन्या ठिकाणी राहतात. साइट झोकात सुरू होते आणि ईमेल गुपचूप बंद पडतं. बदलाआधी जुन्या डीएनएसच्या, म्हणजे नेमसर्व्हरवरच्या यादीच्या, सगळ्या नोंदी उतरवून घ्या, विशेषतः ईमेलला लागणाऱ्या एमएक्स आणि टीएक्सटी, आणि नव्या ठिकाणी त्या आधी भरा.

एसएसएलचंही, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राचंही, तसंच. लेट्स एन्क्रिप्टसारखं मोफत प्रमाणपत्र देण्याआधी डोमेन खरंच तुमच्या सर्व्हरवर येतंय का, हे तपासलं जातं. डोमेन पोचलंच नसेल तर प्रमाणपत्र मिळणार नाही, बटण कितीही वेळा दाबा. आधी डोमेन, मग प्रमाणपत्र, मग एचटीटीपीएसचा पत्ता देऊन इन्स्टॉल हा क्रम ठेवलात, तर 'कुलूप दिसतं पण चित्रं दिसत नाहीत' हा प्रकार सहसा वाट्याला येत नाही.

फाइल भलत्या फोल्डरात

वर्डप्रेसची झिप सोडवली की आत 'वर्डप्रेस' नावाचं फोल्डर निघतं. ते तसंच पब्लिक-एचटीएमएलमध्ये, म्हणजे साइट जिथून दिसते त्या फोल्डरमध्ये, टाकलं, की साइट डोमेनपुढे तिरकी रेघ आणि 'वर्डप्रेस' लिहिलं तरच उघडते. फोल्डरमधल्या फाइल बाहेर काढून ठेवायच्या असतात, फोल्डर नव्हे. एका क्लिकमध्ये इन्स्टॉल करणाऱ्या सोयींतही 'डिरेक्टरी' असा रकाना असतो आणि त्यात कधीकधी 'डब्ल्यूपी' आधीच लिहिलेलं असतं. साइट मूळ डोमेनवर हवी असेल तर तो रकाना रिकामा करा.

सगळं जागच्या जागी असूनही जुनंच पान दिसत असेल, तर फोल्डरमध्ये 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' शिल्लक आहे का बघा. काही सर्व्हर 'इंडेक्स डॉट पीएचपी'च्या आधी तिलाच मान देतात. नाव बदला, काम झालं.

एफटीपी या फाइल चढवण्याच्या पद्धतीने हजारो सुट्या फाइल चढवू नका. मध्ये जोडणी तुटली तर पाच-पन्नास फाइल गळतात आणि कोणत्या, ते कळत नाही. एकच झिप चढवून फाइल मॅनेजरमधून तिथेच सोडवा.

डेटाबेस : तीन कामं, त्यातलं तिसरं विसरतं

सीपॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगचा कारभार चालवायच्या पानावर, डेटाबेस तयार करणं हे एक काम, युजर तयार करणं हे दुसरं. त्या युजरला त्या डेटाबेसशी जोडून सगळे अधिकार देणं हे तिसरं, वेगळं काम आहे. ते त्याच पानावर खाली असतं आणि पहिल्या दोन कामांनंतर हिरवी बरोबरची खूण दिसल्यामुळे माणूस समाधानाने पान बंद करतो.

मीही केलं होतं. एका संस्थेची साइट उद्या सकाळी दाखवायची होती. वर्डप्रेस म्हणालं, डेटाबेस निवडता येत नाही. मी पासवर्ड बदलला. पुन्हा तेच. नवा युजर केला, त्याचा पासवर्ड बदलला, डेटाबेस पुसून नवा केला. रात्री दीडला होस्टिंगवाल्यांना तिखट भाषेत तक्रार लिहिली. उत्तराची वाट बघताना तो संदेश पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. त्यात सरळ लिहिलं होतं की सर्व्हरशी जोडणी झाली, म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड ठीक आहे, पण डेटाबेस निवडता आला नाही. ठीक असलेली एकच गोष्ट मी तीन तास दुरुस्त करत होतो. युजर जोडला, साइट उघडली, मग तक्रार मागे घेणारं दुसरं पत्र लिहिलं. ते लिहायला जास्त वेळ लागला.

तर हा फरक लक्षात ठेवा. 'डेटाबेस कनेक्शन' जुळत नाही असा संदेश असेल, तर युजर, पासवर्ड किंवा होस्ट यांपैकी काहीतरी चुकलंय. 'डेटाबेस सिलेक्ट' होत नाही असा असेल, तर आत शिरलात, पण डेटाबेसचं नाव चुकलंय किंवा अधिकार दिलेले नाहीत.

नावाची गोम अशी की शेअर्ड होस्टिंगवर तुमच्या नावाआधी खात्याचं नाव आपोआप चिकटतं. तुम्ही 'साइट' लिहिलंत, तरी खरं नाव खात्याचं नाव, अंडरस्कोर आणि मग 'साइट' असं असतं. युजरच्या नावाचंही तेच. टाइप करू नका, तिथून कॉपी करा. होस्टच्या जागी बहुतेक ठिकाणी 'लोकलहोस्ट' चालतं. काही कंपन्या डेटाबेससाठी वेगळा सर्व्हर ठेवतात, तिथे त्यांनी दिलेला पत्ता लागतो.

कॉन्फिग फाइल, म्हणजे डेटाबेसचे तपशील असलेली वर्डप्रेसची फाइल, हाताने भरत असाल तर पासवर्डमधल्या चिन्हांकडे बघा. त्या फाइलमध्ये पासवर्ड एकेरी अवतरणचिन्हांत असतो. पासवर्डमध्येच एकेरी अवतरण असलं, तर पीएचपीला वाटतं तो तिथे संपला, आणि पुढचं सगळं विस्कटतं. मग कोणीतरी बाहेरची चिन्हं दुहेरी करतो. त्यात पासवर्डमध्ये डॉलरचं चिन्ह असेल, तर पीएचपी त्याच्या पुढची अक्षरं व्हेरिएबल समजून गिळतं आणि अर्धाच पासवर्ड डेटाबेसकडे जातो. अक्षरं आणि आकडे यांचाच, पण भरपूर लांब पासवर्ड ठेवा.

ही फाइल वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये कधीही उघडू नका. तो सरळ अवतरणं वळणदार करतो आणि पीएचपीला ती कळत नाहीत. विंडोजचं जुनं नोटपॅड यूटीएफ-८ मध्ये जतन करताना फाइलच्या तोंडाशी तीन न दिसणारे बाइट टाकत असे. परिणामी 'हेडर्स ऑलरेडी सेंट' असा संदेश येतो आणि फाइलमध्ये तर काहीच वावगं दिसत नाही. फाइल मॅनेजरमधला एडिटर वापरलेला बरा.

७७७ नावाचा नवस

काही चालेना की कोणीतरी सांगतंच, परवानग्या ७७७ करून बघ. या आकड्यांत ४ म्हणजे वाचणं, २ म्हणजे लिहिणं, १ म्हणजे चालवणं. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं. शेअर्ड सर्व्हरवर 'उरलेले सगळे' म्हणजे त्याच यंत्रावरची अनोळखी खाती. शिवाय अनेक होस्टवर पीएचपी तुमच्याच खात्याच्या नावाने चालतं, त्यामुळे एवढी मोकळीक लागतच नाही. काही ठिकाणी तर सर्व्हर असं फोल्डर पाहून स्वतःच ५०० देतो. फोल्डरला ७५५, फाइलला ६४४ आणि कॉन्फिग फाइलला ६०० किंवा ६४० ठेवा.

५०० चं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे डॉट-एचटीॲक्सेस या सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलमध्ये कुठून तरी चिकटवलेल्या ओळी. पीएचपीची अपलोड मर्यादा मुळात २ एमबी असते. ती वाढवायला 'पीएचपी-व्हॅल्यू'ने सुरू होणारी ओळ टाका, असा सल्ला सर्रास मिळतो. पीएचपी अपाची या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या आत मॉड्यूल म्हणून चालत असेल तरच ती ओळ चालते. आता बहुतेक ठिकाणी तसं नसतं आणि एका ओळीने आख्खी साइट बंद पडते. मर्यादा सीपॅनेलमधल्या पीएचपीच्या सेटिंगमधून वाढवा. पीएचपीची आवृत्तीही तिथेच बदलते. वर्डप्रेस ६.६ ला किमान ७.२.२४ लागायची, पण तिथे अडकून राहू नका, ८ च्या पुढची घ्या.

अर्धवट सोडलेलं इन्स्टॉल

फाइल चढवल्या, सेटअपचं पान दिसलं, आता जेवून येऊ आणि पुढचं करू, असं करू नका. ते पान जगात कोणालाही उघडतं. नव्या प्रमाणपत्रांच्या नोंदी सार्वजनिक असतात, त्यामुळे नवं डोमेन आल्याचं यंत्रांना लगेच कळतं. कोणीही त्या पानावर स्वतःच्या डेटाबेसचा पत्ता भरून तुमच्या सर्व्हरवर स्वतः ॲडमिन होऊ शकतो, आणि प्लगइनच्या (जादा सोयी देणाऱ्या जोडसॉफ्टवेअरच्या) नावाखाली हवा तो कोड चालवू शकतो. एकदा फाइल चढवल्या की फॉर्म भरूनच उठा.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे कॉन्फिग फाइल बदलण्याआधी तिची प्रत शेजारीच 'डॉट बॅक' किंवा 'डॉट ओल्ड' नावाने ठेवणं. नावाच्या शेवटी पीएचपी नसल्याने सर्व्हर ती चालवत नाही, जशीच्या तशी दाखवतो. पत्ता अंदाजाने टाकणाऱ्याला डेटाबेसचा पासवर्ड वाचायला मिळतो. प्रत पब्लिक-एचटीएमएलच्या बाहेर ठेवा. साइटच्या बॅकअपच्या झिपलाही हेच लागू.

मुखपृष्ठ दिसतं, बाकी सगळं ४०४

लेख कुठेही गेलेले नसतात. दुव्यांचं रूप बदलणारे नियम डॉट-एचटीॲक्सेसमध्ये असतात आणि ती फाइल साइट हलवताना मागे राहते, कारण नाव टिंबाने सुरू होत असल्याने फाइल मॅनेजर ती दाखवतच नाही. सेटिंग्जमध्ये पर्मालिंक्सच्या पानावर जाऊन काहीही न बदलता सेव्ह दाबा, वर्डप्रेस ती पुन्हा लिहितं.

पांढरं पान

इथे तर्क लढवू नका, नोंद बघा. कॉन्फिग फाइलमध्ये डीबग, म्हणजे त्रुटी नोंदवायची सोय, चालू करा, पण त्रुटी पानावर न दाखवता लॉगमध्ये जातील असं ठेवा, आणि काम झाल्यावर तो लॉग पुसून डीबग बंद करा. लॉगमधल्या ओळीत फाइलचं नाव असतं आणि बहुधा ती एखाद्या प्लगइनचीच असते. ॲडमिनमध्ये शिरता येत नसेल तर त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, ते आपोआप निष्क्रिय होतं. ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी दुरुस्तीचा दुवा ईमेलनेही पाठवतं, अर्थात सर्व्हरवरून ईमेल नीट जात असेल तर.

मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं

साइट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेली की हे हमखास उद्भवतं. दोन प्रकार नीट ओळखा. मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली विचित्र रोमन अक्षरं दिसत असतील तर जीव भांड्यात पडू द्या. मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या कॅरेक्टर सेटने (अक्षरांच्या सांकेतिक यादीने) वाचला जातोय. सरळ प्रश्नचिन्हं दिसत असतील आणि डेटाबेसमध्येही तीच असतील, तर मूळ अक्षरं गेली, जुनी प्रत शोधा.

डेटाबेसचा कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ ठेवा. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचा जुना 'यूटीएफ८' एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीनच बाइटांचं असल्याने मराठी त्यात बसते आणि सगळं आलबेल वाटतं. इमोजी चार बाइटांचा. पूर्वी लेखात एक हसरा चेहरा टाकला की लेख तिथेच तुटायचा. वर्डप्रेसने २०१५ मध्ये ४.२ आवृत्तीत नवा सेट स्वीकारला, पण जुन्या डेटाबेसच्या प्रती अजूनही इकडून तिकडे फिरताहेत.

आणि ती एक खूण

इन्स्टॉलच्या फॉर्ममध्ये तळाशी एक चौकट असते : सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये. काम चालू असताना खूण करणं शहाणपणाचंच. एका साइटवर मी ती केली आणि काढायला विसरलो. चार महिने मालक विचारत होते की नाव टाकूनही साइट शोधात का येत नाही, आणि मी त्यांना मजकूर वाढवा, धीर धरा, असं सांगत होतो. सेटिंग्जमध्ये रीडिंगचं पान उघडा, सगळ्यात खाली बघा.