सॉफ्ट कोरलचे पॉलिप मिटले? या चुका टाळा

समुद्री मत्स्यालयातील सॉफ्ट कोरलने, म्हणजे कठीण सांगाडा नसलेल्या मऊ प्रवाळाने, पॉलिप (वसाहतीतले फुलासारखे दिसणारे छोटे जीव) आत ओढून घेतले की अनेक हौशी मत्स्यालयधारक त्याच दिवशी प्रकाश वाढवतात, कोरलची जागा बदलतात आणि वर एखादे पूरक द्रावणही ओततात. कोरलचे खरे नुकसान बहुधा या घाईतूनच होते. प्रकाश, प्रवाह, खारटपणा, शेजारचा कोरल किंवा टोचा मारणारा मासा, त्रास कोणताही असला तरी कोरल पॉलिप मिटूनच तो दाखवतो. त्यामुळे कारण सापडण्याआधी केलेला उपाय हा निव्वळ अंदाज ठरतो. दिवे बंद झाल्यावर अनेक जाती रोजच मिटतात, त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

सर्वांत जास्त गैरसमज लेदर कोरल, म्हणजे चामड्यासारख्या पृष्ठभागाच्या सॉफ्ट कोरलबाबत होतो. सार्कोफायटन, म्हणजे छत्रीच्या आकाराचा टोडस्टूल लेदर, अधूनमधून आपल्या पृष्ठभागावर मेणचट, चकचकीत थर तयार करतो आणि त्या काळात सर्व पॉलिप मिटून घेतो. हा थर सुटून जाताना त्यावर बसलेले शेवाळ आणि गाळही निघून जातो. या क्रियेला काही दिवस, क्वचित दोन आठवडेही लागतात. अशा वेळी कोरल उचलून दुसरीकडे ठेवणे किंवा थर ब्रशने खरवडणे चुकीचे आहे. प्रवाह थोडा वाढवावा, मात्र पंपाची सरळ धार त्यावर सोडू नये. एकाच बाजूने सतत धार लागली तर त्या बाजूचे पॉलिप कायमच मिटलेले राहतात. थर गेल्यावरही मांस मऊ पडून काळपट होत असेल, गळत असेल आणि दुर्गंधी येत असेल, तर ती कुज समजावी आणि धारदार पात्याने निरोगी भागापर्यंत कापून ती काढून टाकावी.

पाण्याची तपासणी करताना सुरुवात खारटपणापासून करावी. बाष्पीभवनात केवळ पाणी उडून जाते, मीठ टाकीतच राहते. म्हणून घटलेली पातळी खाऱ्या पाण्याने भरून काढणाऱ्याच्या टाकीत खारटपणा हळूहळू चढत जातो. ही भर शुद्ध केलेल्या गोड पाण्याचीच हवी. लक्ष्य सुमारे 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग क्षार), म्हणजे 25 अंश सेल्सियसला अंदाजे 1.026 विशिष्ट घनता, असे ठेवावे. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर केवळ साध्या पाण्यावर शून्याला जुळवला तर 35 च्या आसपास तो चुकीचा आकडा दाखवू शकतो. त्यासाठी 35 पीपीटीचे प्रमाणित द्रावण वापरावे. फरक आढळलाच तर तो काही दिवसांत थोडाथोडा दुरुस्त करावा, कारण अचानक केलेली दुरुस्ती मूळ बिघाडाइतकीच घातक ठरते. अल्कलिनिटीचेही, म्हणजे पाण्याच्या आम्ल सामावून घेण्याच्या क्षमतेचेही, तसेच आहे: 8 ते 10 डीकेएचमध्ये (ती मोजण्याचे एकक) ती कुठे आहे यापेक्षा ती स्थिर आहे का, याला अधिक महत्त्व आहे.

पाणी जितके स्वच्छ तितके चांगले, ही समजूत सॉफ्ट कोरलच्या बाबतीत फसवी आहे. नायट्रेट आणि फॉस्फेट ही दोन्ही पोषकद्रव्ये शून्यावर आणलेल्या टाकीत हे कोरल अनेकदा आक्रसतात, फिकट होतात. फॉस्फेट शोषक एकदम भरपूर घालणे म्हणूनच टाळावे. नव्या एलईडी दिव्याखालीही असेच मिटणे दिसते. तीव्रता कमी ठेवून ती काही आठवड्यांत वाढवत न्यावी.

दाट लावलेल्या टाकीत आणखी एक कारण नजरेआड राहते. लेदर कोरल टर्पीन वर्गातील रसायने पाण्यात सोडून शेजाऱ्यांना दाबून ठेवतात, आणि त्यासाठी एकमेकांना स्पर्श होण्याचीही गरज नसते. ही रसायने शोषून घेण्यासाठी सक्रिय कोळसा धुऊन वापरावा व नियमित बदलावा, पाणी अंशतः बदलावे आणि कोरलमध्ये अंतर ठेवावे. कोरल कापल्यानंतर तर कोळसा हवाच.

पाणी ठीक असूनही एकच वसाहत मिटलेली राहिली, तर रात्री मंद लाल प्रकाशात तिचे निरीक्षण करावे. झोअँथिड, म्हणजे बटणांसारख्या पॉलिपची वसाहत करणारे कोरलचे नातेवाईक, यांच्या पॉलिपवर जगणाऱ्या समुद्री गोगलगायी त्यांच्याच रंगाच्या होतात, त्यामुळे त्या दिवसा सहज दिसत नाहीत. बटू एंजल मासा टोचा मारतो, तर क्लाउनफिश लेदरमध्येच घर करून त्याला सतत घासत राहतो. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांना संरक्षण आवश्यक आहे. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असते, म्हणून झोअँथिड चिकटलेला खडक कधीही उकळू नये किंवा गरम पाण्याखाली धरू नये. माशांसाठीचे तांबेयुक्त औषध मात्र या टाकीत कोणत्याही कारणाने घालू नये. ते कोरलला मारक आहेच, शिवाय खडकात आणि वाळूत मुरून पुढे बराच काळ पाण्यात उतरत राहते. आजारी माशावर उपचार वेगळ्या टाकीतच करावेत.