डीओआय दिलाय, तरी डेटा सापडत नाही? या चुका टाळा

‘पावसाची आकडेवारी चर्प्सच्या संकेतस्थळावरून घेतली आहे.’ पंचगंगेच्या २०१९ च्या महापुरावर काम करणाऱ्या एखाद्याच्या प्रबंधात डेटाबद्दल एवढं एकच वाक्य असलं, तर परीक्षकाने शोधायचं काय? चर्प्स म्हणजे उपग्रह आणि पर्जन्यमापक यांची सांगड घालून केलेली पावसाची आकडेवारी. तिची आवृत्ती २.० आहे आणि नंतरची ३.० सुद्धा. रोजची आहे, महिन्याची आहे, आधी निघणारी तात्पुरती आहे आणि नंतरची अंतिमही आहे. यातलं तुम्ही नेमकं काय उतरवून घेतलंत, ते संदर्भातून कळायला हवं. त्यासाठीच डीओआय असतो, म्हणजे शोधनिबंधाला किंवा डेटासेटला दिलेला कायमस्वरूपी ओळखक्रमांक.

पेपरचा डीओआय म्हणजे डेटाचा डीओआय नव्हे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. चर्प्स कशी तयार केली हे सांगणारा शोधनिबंध २०१५ साली ‘सायंटिफिक डेटा’मध्ये आला, त्याचा डीओआय वेगळा, प्रत्यक्ष आकडेवारीचा वेगळा. ‘पेपर दिलाय ना, मग पुरे’ असं गाइड म्हणतातही, पण ते पुरे नाही. शोधनिबंध पद्धत सांगतो, तुमची फाइल दाखवत नाही. संदर्भसूचीत दोन्ही हवेत. डेटाच्या नोंदीचा क्रम सोपा आहे: निर्माते, वर्ष, शीर्षक, आवृत्ती, रिपॉझिटरीचं (म्हणजे डेटा जपून ठेवणाऱ्या ऑनलाइन भांडाराचं) नाव, ‘डेटासेट’ हा शब्द आणि शेवटी डीओआयचा पूर्ण दुवा. क्षेत्र कोणतं कापून घेतलं, कोणत्या तारखेला उतरवलं, हे पद्धतीच्या प्रकरणात लिहा.

आणि ही नोंद संदर्भसूचीतच हवी. नुसती ‘डेटा उपलब्धता’ या परिच्छेदात टाकली, तर संदर्भ मोजणाऱ्या यंत्रणांच्या नजरेतून ती सहज निसटते आणि डेटा गोळा करणाऱ्याला श्रेय मिळत नाही.

कोणती आवृत्ती?

झेनोडो ही सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेची रिपॉझिटरी २०१३ पासून चालू आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच जणांचा पहिला डीओआय तिथलाच असतो. तिथे एका डेटासेटला दोन प्रकारचे डीओआय मिळतात: एक सगळ्या आवृत्त्यांचा मिळून, आणि एकेका आवृत्तीचा स्वतंत्र. गटनंबर आणि पोटहिस्सा असतो तसंच हे. पहिला डीओआय वाचकाला नेहमी सर्वांत नव्या आवृत्तीवर नेतो. तुम्ही पहिल्या आवृत्तीवर आलेख काढलेत आणि नंतर कुणी तिसरी चढवली, तर वाचकाला तुमचे आकडे जुळणारच नाहीत. विश्लेषणासाठी वापरलेल्या डेटाला आवृत्तीचाच डीओआय द्या.

राधानगरीतल्या वनस्पतींच्या नोंदी जीबीआयएफ या जगभरच्या जीवविविधतेच्या नोंदींच्या संकेतस्थळावरून घेणाऱ्यांची चूक थोडी निराळी. शोध घेतल्यावर ब्राउझरच्या पट्टीत दिसणारा पत्ता ते उचलतात. पण जीबीआयएफ प्रत्येक डाउनलोडला स्वतःचा डीओआय देते, आणि तोच द्यायचा असतो. तो मिळतो खात्यात लॉगिन करून डाउनलोड मागवल्यावर.

सगळ्यालाच डीओआय नसतो

जनुकक्रमांना जेनबँक या जनुकक्रमांच्या सार्वजनिक भांडाराचा क्रमांक असतो. त्याच्या शेवटी ‘.१’, ‘.२’ असं जे येतं ती आवृत्ती. ते टिंब गाळू नका. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या प्रबंधाला १०६०३ ने सुरू होणारा हँडल क्रमांक असतो, तोही कायमस्वरूपीच. ब्राउझरमधला लांबलचक पत्ता न देता तो द्या. गूगल ड्राइव्हचा दुवा मात्र यांपैकी कशातच बसत नाही. विद्यापीठाच्या ईमेलवरचं ड्राइव्ह असेल, तर खातं बंद झालं की दुवाही गेला. गिटहब या संगणकीय कोड ठेवायच्या संकेतस्थळाचंही तेच, तिथला प्रकल्प खाजगी केला किंवा पुसला की संपलं. गिटहब झेनोडोला जोडा आणि तिथे प्रकाशित केलेल्या आवृत्तीचा डीओआय घ्या.

दुवा उघडत नसेल तर

आधी शेवटचा पूर्णविराम बघा. वाक्य संपवणारं टिंब डीओआयला चिकटलेलं असतं आणि ‘सापडत नाही’ असं पान येतं. पीडीएफमधून कॉपी करताना ओळ तुटली की मध्ये जागा किंवा जादा जोडरेघ घुसते. शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल होते; लहान-मोठ्या लिपीचा मात्र फरक पडत नाही. ग्रंथालयाच्या रिमोट अॅक्सेसमधून कॉपी केलेला पत्ता तुमच्याकडे उघडतो, इतरांकडे लॉगिन मागतो. म्हणून ब्राउझरच्या खाजगी खिडकीत दुवा एकदा उघडून बघा. आणि तुमचाच नवा डीओआय उघडत नसेल, तर तो बहुधा फक्त राखून ठेवलेला आहे. ‘प्रकाशित करा’ दाबल्याशिवाय तो जिवंत होत नाही. पेपर छापून आला आणि डेटा अजून मसुद्यातच, असंही घडतं.

स्वतःचा डेटा चढवताना

कोल्हापुरात ‘एस. पाटील’ या नावाचे किती संशोधक असतील, सांगा! नाव, वडिलांचं नाव, आडनाव यातलं कधी एक, कधी तिन्ही लिहिल्याने एकाच माणसाचे चार लेखक होतात. ऑर्किड (ORCID), म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळखक्रमांक जोडा, तो सोळा अंकी असतो. निर्मात्यांच्या यादीत गाइड पहिले आणि गावोगाव फिरून प्रश्नावली भरून घेणारा यादीतच नाही, हा प्रकार तर सर्रास चालतो. ते बरोबर नाही.

शिरोळच्या पूरग्रस्त कुटुंबांच्या सर्वेक्षणात नावं, मोबाइल क्रमांक, गटनंबर असतील, तर डीओआय घेण्याआधी काढा. नंतर फाइल हटवता आली तरी नोंदीचं पान राहतं, आणि तोवर कुणी उतरवून घेतलेली प्रत परत मागवता येत नाही.

डेटाचा संदर्भ चुकलेला पेपर आधीच छापून आला असेल, तर नियतकालिकाला दुरुस्तीची विनंती करा. ती होईपर्यंत रिपॉझिटरीतल्या नोंदीत ‘संबंधित काम’ या रकान्यात पेपरचा डीओआय भरून ठेवा.